आमच्या जिभेला झाले तरी काय?

मोर्शी-वरुड हे नाव घेतले की बाहेरगावच्या माणसाच्या डोळ्यांपुढे संत्र्याची बाग उभी राहते. या पट्ट्याला कोणी तरी हौसेने 'विदर्भाचा कॅलिफोर्निया' म्हटले आणि ते नाव आपणही कौतुकाने मिरवतो. आंबिया बहाराचे संत्रे दिवाळीच्या सुमारास उतरू लागते, मृगाचे शिमग्याच्या आगेमागे हाती येते. म्हणजे वर्षातले निदान पाच-सहा महिने या मुलुखाच्या रस्त्यांना संत्र्याचा वास असतो. आणि नेमक्या याच महिन्यांत महाविद्यालयाजवळच्या टपरीवर आमची मुले-मुली काय पितात म्हणाल, तर संत्र्याच्या रंगाचे पाणी! बाटलीवर रसाळ फोडीचे चित्र, आत साखर, रंग, आम्ल आणि सुगंध. अशा बहुतेक गोड पेयांत शंभर मिलिलिटरला दहा ग्रॅमच्या आसपास साखर असते. तीनशे मिलिलिटरची एक बाटली म्हणजे सहा चमचे साखर झाली. दिवसाकाठी वरून घातलेली साखर पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवता आली तर उत्तम, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले आहे. आमच्या एका बाटलीतच ती मर्यादा ओलांडली जाते, आणि चहा, बिस्किटे, पेढा यांचा हिशेब तर अजून मांडायचाच आहे.

याच वेळी बागेत काय चालले असते? व्यापारी मोठे, चकचकीत फळ निवडून ट्रक भरतो. बारीक फळ, डाग पडलेले फळ, वाऱ्याने गळालेले फळ मागे राहते. बांगलादेशाने २०१९ पासून संत्र्यावरचे आयातशुल्क वाढवत नेल्यावर तर चांगले फळही मागे राहू लागले. ते ढोरांपुढे पडते, नाही तर धुऱ्यावर सडते. बाप बागेत फळ फेकतो आणि त्याचा मुलगा गावात येऊन फळाचे चित्र विकत घेतो, याला काय म्हणावे?

मी गृहअर्थशास्त्राची विद्यार्थिनी आहे. 'संतुलित आहार' हा आमच्या अभ्यासक्रमातला विषय, आणि परीक्षेत त्यावर दहा गुणांचा प्रश्न हमखास येतो. आम्ही प्रथिने, कर्बोदके, जीवनसत्त्वे यांचे तक्ते पाठ करतो आणि पेपर संपला की समोश्याच्या रांगेत उभ्या राहतो. मला हा विरोधाभास गमतीचा वाटत नाही, कारण त्याची किंमत कोण मोजते ते आमच्या वर्गातच दिसते. खेड्यांवरून येणाऱ्या मुलींची बस सकाळी लवकर असते. घरी चूल पेटलेली असते, पण बापाचा आणि भावाचा डबा आधी. मुलगी कपभर चहा आणि दोन टोस्ट पोटात टाकून निघते. अकरा वाजता सुटी झाली की पर्समधल्या वीस रुपयांत जे गरम मिळेल ते खाते, म्हणजे आलुबोंडा, समोसा नाही तर तर्री टाकलेले पोहे. नंतर परतीच्या बसपर्यंत काही नाही. तिसऱ्या तासाला कोणी डोके बाकावर टेकले की प्राध्यापक म्हणतात, मुलींचे अभ्यासात लक्ष नाही. लक्ष कसे राहील? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. चार-पाच वर्षे आधीच्या पाहणीत हा आकडा ४८ होता. रस्ते झाले, मोबाइल आले, घरोघरी गॅस आला आणि रक्त मात्र कमी झाले!

तेव्हा समोश्याऐवजी काय, हा प्रश्न निव्वळ पाककृतींचा राहत नाही. मासिकांतून 'पौष्टिक अल्पोपाहार' म्हणून जे छापून येते ते मी नेहमी वाचते. त्यात ओट्स असतात, ब्रोकोली असते, ऑलिव्ह तेल असते. मोर्शीच्या बाजारात ब्रोकोली शोधत फिरणाऱ्या माणसाची मला दया येते. आमच्याकडे जे होते, आणि अजून थोडेफार आहे, त्याची आठवण मात्र या लेखकांना होत नाही. आमच्याकडे ज्वारी होती.

आमच्या आजीच्या वेळेपर्यंत वऱ्हाडात अन्न म्हणजे ज्वारी. पोळी, म्हणजे आमच्या भाषेत पोई, ती सणाला आणि पाहुण्याला. कपाशी विकायची आणि ज्वारी खायची, असा रिवाज. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' म्हणतात ते कपाशीमुळे खरे, पण ती कुऱ्हाड चालवणाऱ्या हातांना बळ ज्वारीनेच दिले. मग पुढे काय झाले? १९६४ साली सी.एस.एच.-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला. पीक दुप्पट-तिप्पट, पण कणीस लवकर तयार होणारे, आणि ते ऐन पावसात सापडायचे. दाणा भिजून काळा पडायचा. त्या भाकरीला गावराणी ज्वारीची गोडी नव्हती, अशी तक्रार म्हातारी माणसे आजही करतात. 'हायब्रीड' हा शब्द आमच्याकडे नाजूक, बिनकसाच्या माणसालाही लावतात, तो उगाच नव्हे! नंतर १९७२ चा दुष्काळ आला. त्या वर्षी रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळाली आणि कामांवर सुकडी वाटली गेली. मिलोची लालसर भाकरी ज्यांनी खाल्ली त्यांच्या मनात ज्वारी आणि हलाखी यांची गाठ पक्की बसली. पुढे सोयाबीन आले, बागा वाढल्या, रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त झाला. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात भरड धान्य एक रुपया किलोने द्यायची तरतूद होती, पण आमच्या गावच्या दुकानातून पोत्यांनी आला तो गहू आणि तांदूळच. जानेवारी २०२३ पासून तर ते धान्य फुकट मिळू लागले. फुकटचा गहू घरात असताना विकतची ज्वारी कोण आणील?

पण पैशापेक्षाही मोठी गोष्ट आहे ती लाजेची. मागच्या वर्षी वसतिगृहातल्या एका मैत्रिणीच्या डब्यात भाकरी आणि मिरच्यांचा ठेचा होता. ती डबा मांडीवर ठेवून, झाकण अर्धे पुढे ओढून खात होती. तिच्या शेजारी बसलेली दुसरी मुलगी नूडल्स खात होती, तिला कशाचीच लाज नव्हती. भाकरी लपवून खायची आणि पाकीट फोडून दाखवून खायचे, हा संस्कार आमच्यावर कोणी केला? आमचेच मायबाप म्हणतात, "आमचा जलम भाकरीवर गेला, आता पोराईनं तरी पोई खावी." त्या बोलण्यात माया आहे हे मला कळते. ज्यांनी अडचणीत भाकरी खाल्ली त्यांना मुलांच्या ताटात पोळी पाहून समाधान वाटते, आणि त्यात गैर काही नाही. गैर एवढेच की पोळीच्या मागोमाग मैद्याचा टोस्ट आला, बिस्किट आले, कुरकुरीत पाकीट आले, आणि तेही 'प्रगती' म्हणूनच घरात शिरले.

आता तक्त्यातले थोडे सांगते, कंटाळू नका. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे नवे तक्ते काढले. त्यात शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम प्रथिने, दहा ग्रॅम तंतू आणि चार मिलिग्रॅम लोह दाखवले आहे. मैद्यात प्रथिने जवळजवळ तेवढीच आहेत, पण तंतू पावणेतीन ग्रॅम आणि लोह पावणेदोन मिलिग्रॅम. पांढऱ्या तांदळात लोह एक मिलिग्रॅमही नाही. याचा अर्थ असा की समोश्याच्या पारीत पोट भरण्याची सोय आहे, बाकी फारसे काही नाही, आणि ती सोयही दिवसभर उकळत असलेल्या तेलातून येते. तळणीच्या तेलातील विघटित द्रव्ये २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरू नये, असा नियम २०१८ पासून देशभर लागू आहे. टपरीवरच्या कढईत डोकावून पाहणाऱ्याने त्या नियमाचे काय होते ते स्वतःच ठरवावे.

परंतु ज्वारी म्हणजे अमृत, असेही मी म्हणणार नाही. आमच्याकडे कोणत्याही जुन्या गोष्टीची स्तुती सुरू झाली की ती थांबत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगते. १९६० च्या सुमारास डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया या हैदराबादच्या संशोधकांनी दाखवून दिले की दख्खनच्या पठारावर जवळजवळ निव्वळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा कातडीचा आणि मेंदूचा रोग होतो. ज्वारीतल्या ल्युसीन या घटकाचे प्रमाण जास्त असल्यामुळे असे होत असावे, असे त्यांचे म्हणणे होते. कोरडी भाकर आणि मीठ-मिरची एवढेच ज्याच्या नशिबी, त्याला ज्वारीही तारत नाही. शिवाय ज्वारीत लायसीन हे द्रव्य कमी असते, आणि ते डाळीत भरपूर असते. आता पाहा, आमच्या आज्यांनी लायसीनचे नावही ऐकले नव्हते, पण भाकरीबरोबर त्यांनी झुणका दिला, पिठले दिले, तुरीचे वरण दिले, पातोडीचा रस्सा दिला. भाकरीला डाळीची जोड दिली की दोघींची उणीव भरून निघते. ही जोडी जमली कशी हे मला ठाऊक नाही, चवीनेच जमली असेल.

लोहाचेही तसेच. धान्यातले आणि पाल्यातले लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. त्यासोबत 'क' जीवनसत्त्व असले तर ते बरेच अधिक शोषले जाते, आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर कमी होते. आता आमच्या मुलीची सकाळ आठवा. चहा आणि टोस्ट! लोह नाहीच, असते तरी चहाने अडवले असते. आणि 'क' जीवनसत्त्वाची खाण तिच्याच गावच्या धुऱ्यावर सडत पडलेली. भाकरी-भाजीचा डबा आणि त्यावर एक संत्रे, एवढे जरी या तालुक्यातल्या प्रत्येक मुलीला हिवाळाभर मिळाले तरी लोहाच्या गोळ्यांना मोठा हातभार लागेल. मी गोळ्या टाकून द्या म्हणत नाही. ज्यांचे रक्त फार कमी आहे त्यांनी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घेतल्याच पाहिजेत, संत्र्याने ते काम होणार नाही.

आता चवीकडे वळू, कारण खरी लढाई तिथेच आहे. 'हे खा, पौष्टिक आहे' असे म्हटले की ते पदार्थ बिचारे औषधाच्या बाटलीशेजारी जाऊन बसतात. आलुबोंडा पौष्टिक म्हणून कोणी खात नाही. तो गरम असतो, तिखट असतो, वरची पारी कुरकुरीत आणि आतला बटाटा मऊ असतो, म्हणून खातात. मीही आवडीने खाते, आणि महिन्यातून दोनदा खाल्ल्याने काही बिघडते असे मला वाटत नाही. त्याच्या जागी जे आणायचे त्यात हे गुण हवेत, नाही तर आपला उपदेश आपल्यापाशीच राहील.

ते गुण आमच्या स्वयंपाकघरात आहेत. ज्वारीच्या कण्या घ्या. ज्वारी जाडसर भरडून, पाखडून, पीठ आणि कणी वेगळी करायची. कणी रात्री भिजत घातली की सकाळी पंधरा-वीस मिनिटांत शिजते. लसूण, मोहरी, हिरवी मिरची आणि शेंगदाण्याची फोडणी, वरून मूठभर सांबार (पुण्या-मुंबईचे लोक त्याला कोथिंबीर म्हणतात आणि आमच्या घरी 'सांबार आण' ऐकून डाळ-वांग्याची वाट पाहत बसतात), की झाल्या फोडणीच्या कण्या. रव्याच्या उपम्यासारख्या त्या पचपचीत होत नाहीत. दाणा दाताखाली लागतो. ताकात कालवून खाल्ल्या तर उन्हाळ्यात दुसरे काही नको. याच कण्या अंबाडीच्या भाजीत पडतात. अंबाडीचा आंबट पाला, तुरीची डाळ आणि कण्या एकत्र शिजवून घोटायच्या, आणि जेवताना वरून लसणाची तळलेली लाल मिरची घातलेले कडकडीत तेल. ज्याने ही भाजी भाकरीबरोबर खाल्ली नाही त्याला वऱ्हाड कळले असे मी मानत नाही. पाला, डाळ आणि धान्य एका भांड्यात आले, आणि आंबटपणा आहे म्हणून चवीला आणखी काही लागत नाही.

मार्गशीर्ष-पौषात तुरीच्या शेंगा भरतात. मीठ घालून उकडलेल्या शेंगांची ओंजळ घेऊन बोलत बसण्यासारखी मौज कोणत्या पाकिटात आहे? सोल्यांचा भात, सोल्यांची आमटी हे तर मेजवानीचे जेवण. नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या फोडतात. त्याच लाह्यांना हळद, मीठ, कढीलिंब आणि चमचाभर तेलात परतलेले शेंगदाणे लावले की चिवडा होतो. तो बटाट्याच्या पाकिटापेक्षा स्वस्त, आणि डबा घट्ट असला तर पंधरा दिवस टिकणारा. लाह्यांचे पीठ दुधात, गुळात कालवून लहान मुलांना द्यायचे. उन्हाळ्यात चिवळीची भाजी येते. बारीक, नाजूक, निवडताना जीव जातो, पण बेसन पेरून केली की बोटे चाटावी. आषाढात तरोटा, भाद्रपदात हेटीची फुले. ही भाजी विकत घ्यावी लागत नाही, वाकून खुडावी लागते. आणि जवस! भाजलेले जवस, लाल मिरची, लसूण, मीठ कुटून केलेली चटणी आमच्या प्रत्येक घरी बरणीत असते. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग ओमेगा-३ जातीच्या स्निग्धाम्लाचा असतो. त्याच गोष्टीसाठी शहरातले लोक माशाच्या तेलाच्या गोळ्या गिळतात.

आणि एक गोष्ट मला नेहमी विचित्र वाटते. महालक्ष्म्या बसल्या की नैवेद्यात ज्वारीची आंबील लागतेच. पुरणपोळी, सोळा भाज्या, कढी, सगळे असले तरी आंबिलीवाचून पान पुरे होत नाही. देवीला ज्वारी चालते, आम्हाला चालत नाही! भुलाबाईच्या खिरापतीचेही असेच झाले. डबा हलवून आवाजावरून खाऊ ओळखायचा, फुटाणे की शेंगदाणे की खारोड्या, हा खेळ होता. आता डबा हलवला की प्लास्टिक वाजते, आणि ओळखायला काही उरत नाही.

इथपर्यंत वाचून कोणी मान डोलावली असेल, 'अगदी खरे, आपले जुने अन्नच चांगले.' त्या मान डोलावणाऱ्यांत पुरुष किती आहेत ते मला पाहायचे आहे. कारण भाकरी आकाशातून पडत नाही. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. ते उकळत्या पाण्याने मळावे लागते, जोर लावून मळावे लागते, आणि प्रत्येक भाकरी हाताने थापावी लागते. एकदा मळून दहा करता येत नाहीत, एकेक मळावी लागते. पहाटे उठून दहा-बारा भाकरी थापणारी बाई मग वावरात निंदायला जाते. तिला जर मैद्याच्या टोस्टचा पुडा थोडी सुटका देत असेल तर त्या पुड्याला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही, आणि ज्याने आयुष्यात परातीला हात लावला नाही त्याला तर मुळीच नाही. परंपरेचा अभिमान एकाला आणि परंपरेचे कष्ट दुसरीला, हे गणित आता चालू नये. आमच्या घरी माझा धाकटा भाऊ कण्या शिजवतो. भाकरी त्याला अजून जमत नाही, ती नकाशासारखी होते, पण कण्या चांगल्या करतो. यात काही आभाळ कोसळले नाही. माझ्या मते कण्या, लाह्या, धिरडी, उकडलेल्या शेंगा या गोष्टींवर अधिक भर द्यावा तो याचसाठी की त्या थापाव्या लागत नाहीत.

दुसरी अडचण शेतकऱ्याची. आज बाजारात चांगली ज्वारी गव्हापेक्षा महाग आहे. सरकारी आधारभावही तेच सांगतो. २०२४-२५ च्या हंगामात संकरित ज्वारीला क्विंटलमागे ३,३७१ रुपये जाहीर झाले, तर गव्हाला त्यानंतरच्या रब्बीसाठी २,४२५. मग शेतकरी ज्वारी का पेरत नाही? आमच्या काकांना विचारले तर ते म्हणाले, "पेरतो, पण मंग पाखराईले जेवाले बलावल्यासारखं व्हते." गावात सगळे ज्वारी पेरत होते तेव्हा पाखरे सगळ्यांत वाटली जात. एकट्याने एक एकर पेरली तर साऱ्या शिवाराची पाखरे त्याच एकरावर उतरतात, आणि रात्री रानडुकरे येतात ती वेगळीच. माळ्यावर बसून गोफण फिरवायला आता माणूस मिळत नाही, सोंगणीला मजूर मिळत नाही, आणि बैल गेल्यामुळे कडब्याला पूर्वीची किंमत नाही. एका शेतकऱ्याच्या हिमतीचे हे काम नव्हे. वीस जणांनी लागून लागून पेरली तरच पाखरांचा घास जाऊन माणसांना उरेल. ताटातल्या बदलाच्या गोष्टी करणाऱ्यांनी ही पाखरे मोजलेली नसतात.

सरकारने काही केले नाही असे नाही. १९९५ साली महाराष्ट्रात एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे निघाली. कल्पना मोठी चांगली होती. मजुराला, विद्यार्थ्याला, दवाखान्यात आलेल्या खेडुताला गरम भाकरी आणि डाळीचे पीठ, म्हणजे वर सांगितलेली तीच जोडी! पण एक रुपयात ते परवडणार कसे? अनुदानावर योजना उभी, जागा मोक्याच्या. हळूहळू कित्येक टपऱ्यांवर पाटी झुणका-भाकरीची आणि कढईत वडे, असा प्रकार झाला, आणि २००० साली योजना गुंडाळली गेली. मला यातून एक दिसते. भाकरी फुकट किंवा फुकटासारखी देऊ नये, तिचा वाजवी भाव घ्यावा. रुपयाची भाकरी म्हणजे पुन्हा गरिबाची भाकरी, आणि तिची लाज कायम.

उलट टोकही आपण पाहिले. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे भरड धान्यांचे वर्ष जाहीर केले, त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात 'श्री अन्न' हे नाव गाजले, आणि पाहता पाहता मोठ्या शहरांच्या दुकानांत ज्वारीची बिस्किटे, ज्वारीचे नूडल्स, ज्वारीचे पफ दिसू लागले. पुडा उलटा करून बारीक अक्षरे वाचावी. पुष्कळदा त्यात साखर, पाम तेल आणि मैदाही सापडतो. ज्वारीला 'मिलेट' म्हटल्यावर ती दिवाणखान्यात आली, हे तिचे भाग्य म्हणायचे की आपले दुर्दैव? आमच्याच जिल्ह्यात मेळघाटात कोरकू लोक कोदो-कुटकी पिकवत आणि खात आले. त्यांच्या मुलांच्या कुपोषणाच्या बातम्या १९९३ पासून साऱ्या देशाने वाचल्या. तीच कुटकी आता शहरात चकचकीत पाकिटातून भारी दराने विकली जाते. असो. हा विषय वेगळ्या लेखाचा आहे.

राहता राहिले आमचे महाविद्यालय. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली, आणि पुन्हा २०१८ साली, महाविद्यालयांच्या आवारात निकस खाद्यपदार्थ विकू नयेत असे कळवले होते. बंदीवर माझा फारसा भरवसा नाही. आवारात बंदी झाली की फाटकाबाहेर दोन गाड्या वाढतात. विकणाऱ्याला हलवण्यापेक्षा त्याच्याच ओट्यावर दुसरे पातेले चढवावे, हे मला जास्त जमण्यासारखे वाटते. म्हणून आम्ही तिघी-चौघी जणी कॅन्टीनवाल्या काकांना भेटलो. ते म्हणाले, "करतो ना, बाई. पण तुमी चार दिवस खासान अन् पाचव्या दिवशी समोसाच मागसान. मंग ते पातेलं मी कोनाले खाऊ घालू?" त्यांचे म्हणणे रास्त होते. त्यांनी अट घातली की तीस जणांनी पंधरा दिवसांचे पैसे आगाऊ द्यावेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार फोडणीच्या कण्या आणि ताक, मंगळवार-गुरुवार मुगाची धिरडी आणि जवसाची चटणी, शनिवारी लाह्यांचा चिवडा. तुरीच्या शेंगा आल्या की शेंगा. बशीचा भाव समोश्याइतकाच. कण्या भरडून देणारी गिरणी बाजारात आहे, आणि ज्वारी आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या घरची मिळणार आहे. त्याच्या वडिलांनी यंदा दोन एकर पेरली आहे आणि शेजारच्या तिघांनाही पेरायला लावली आहे.

संत्र्याचे मात्र काकांनी आपल्या अंगावर घेतले नाही. "ते तं तुमच्याच घरी हाय," म्हणाले. तेव्हा असे ठरले की ज्यांच्या बागा आहेत त्यांनी आठवड्याला पिशवीभर बारीक फळ आणायचे, टोपली कॅन्टीनच्या दारात ठेवायची, बशीबरोबर एक फळ ज्याने त्याने उचलावे. नावे गृहअर्थशास्त्र विभागाच्या फळ्यावर लिहायची आहेत. हा मजकूर छापखान्याकडे जाईपर्यंत बावीस नावे झाली आहेत, त्यात मुलांची चार.